या वयात कशाला?

बाईच्या पायात नकळत बेडी घालणारी जी वाक्ये आपल्या मराठी घरांत वापरली जातात, त्यांत ‘या वयात कशाला?’ हे सर्वांत साळसूद आहे. ते रागाने म्हटले जात नाही, मायेने म्हटले जाते. गडद रंगाची साडी घेतली, की या वयात कशाला? पोहायला शिकते म्हटले, की या वयात कशाला? आणि पन्नाशीच्या बाईने संगणकाचा नवा अभ्यासवर्ग लावते म्हटले, की नवरा, मुलगा, सून आणि शेजारीण एका सुरात म्हणतात, ‘आता या वयात कशाला? केलेत की एवढे पुष्कळ!’ त्यात काळजी असते हे खरे. पण तिने घरात बसावे म्हणजे इतरांचे बरे चालते, हा हिशेबही त्या काळजीच्या पदराआड दडलेला असतो.

हा प्रश्न सर्वांनाच विचारला जातो असे मात्र नाही. बँकेतून निवृत्त होऊन मंचरला स्थायिक झाल्यावर मला हे नीट दिसू लागले. कांदालागवडीच्या दिवसांत आमच्या आंबेगाव तालुक्यात साठी उलटलेल्या बायका दिवसभर वाफ्यात ओणव्या असतात. पलीकडे जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला, टोमॅटोची तोडणी नि प्रतवारी करणाऱ्या कितीतरी हातांवर सुरकुत्या असतात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रानालगतच्या गावांत, भाताची आवणी करणाऱ्या आणि रानातून हिरडा आणणाऱ्या आजीला ‘या वयात कशाला?’ असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. मजुरीला वयोमर्यादा नसते. ती पगाराला असते. जिथे खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे आणि दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम आहे, तिथेच बाईचे वय आधी मोजले जाते. म्हणून वय हा निव्वळ शरीराचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. तो बऱ्याच अंशी जागेचा, मानाचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

हे आजच लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आमच्या या दोन तालुक्यांतल्या संगणक शिकलेल्या मुलींची पहिली मोठी पिढी आता पन्नाशीला टेकली आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुण्याच्या आसपास अशी महाविद्यालये निघत गेली. तोवर नवे तंत्रज्ञान या भागात आले होते, पण ते कुंपणाआड होते. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. शेतात खुरपणाऱ्या बायकांनी त्या तबकड्या आभाळाकडे वळताना पाहिल्या. त्यांच्या लेकींनी मात्र एसटीने पुणे गाठले, वसतिगृहात राहिल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीसारख्या ठिकाणी आकार घेऊ लागलेल्या उद्योगात शिरल्या. २००० सालच्या तारखेचा घोळ निस्तरायला जगाला तेव्हा माणसे हवी होती. या मुली तेवीस-चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांना वय कोणी विचारले नाही, कारण त्यांचे वय तेव्हा ‘बरोबर’ होते.

माझी एक भाची त्यांतलीच. वडील कांदा-बटाटा पिकवणारे शेतकरी. १९९८ साली ती संगणक अभियंता झाली आणि तयार झालेली प्रणाली तपासण्याच्या, म्हणजे टेस्टिंगच्या, कामाला लागली. बावीस-तेवीस वर्षे तिने हेच काम केले आणि तेही बहुतेक बँकांच्या प्रणालींवर. एकदा तिच्या हाताखालच्या हुशार मुलांनी शेतीकर्जाच्या व्याजाची आकारणी लिहून आणली. गणित चोख होते. पण घरकर्जाला लावतात तशी दरमहा चक्रवाढ त्यांनी पीककर्जालाही लावली होती. पीककर्जाचे व्याज हंगामाशी बांधलेले असते, पीक हाती येण्याआधी त्यावर महिन्या-महिन्याने व्याजावर व्याज चढवायचे नसते, हे त्या मुलांना कुठून ठाऊक असणार? भाचीला ते ठाऊक होते, कारण तिने वडिलांच्या कर्जाचा उतारा लहानपणापासून पाहिला होता. ती चूक तशीच पुढे गेली असती, तर किती शेतकऱ्यांच्या खात्यावर किती जादा व्याज पडले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणि तरीही, दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिला एका खोलीत बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले. कामाबद्दल तक्रार नव्हती. ‘तुमच्या अनुभवाच्या पातळीवर सध्या जागा नाही,’ असे पंचविशीतल्या एका मुलीने तिला अदबीने सांगितले. त्या रात्री तिने मला फोन केला. म्हणाली, ‘मावशी, अनुभव जास्त झाला म्हणून नोकरी गेली. आता कमी कसा करू?’

या प्रश्नाचे उत्तर त्या उद्योगाच्या रचनेत आहे. आपल्याकडच्या माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्या वारुळासारख्या आहेत. तळ रुंद, टोक निमुळते. परदेशी गिऱ्हाईकाला माणसांच्या तासांचा भाव सांगायचा आणि तळाशी नवशिक्यांची संख्या जितकी अधिक, तितका नफा अधिक. दरवर्षी महाविद्यालयांतून हजारो मुले भरायची, तर मधल्या थरातून काही माणसे बाहेर पडावीच लागतात. देशातल्या सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, २०२५ च्या जुलैत सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतले लोक असतील, असे तिनेच सांगितले होते. भाचीची कंपनी दुसरी. पण रचना तीच. त्यात २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आणि मधल्या थराचे कामच यंत्र करील, अशी भाषा सुरू झाली.

कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमात सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेद करण्यास मनाई आहे. या यादीत वय नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्यांना वयावरून डावलू नये, असा कायदा १९६७ पासून आहे. पण कायदा झाला म्हणजे वृत्ती बदलते असेही नाही. आयबीएम या नामांकित कंपनीत २०१३ ते २०१८ या काळात वयस्क कर्मचारी कमी करण्याचे संदेश वरूनच दिले जात होते, असा निष्कर्ष तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने २०२० मध्ये काढला. २०२२ मध्ये न्यायालयात आलेल्या कागदांत तर अशा कर्मचाऱ्यांसाठी ‘डायनोबेबीज’, म्हणजे डायनोसॉरची पिल्ले, असा शब्द वापरलेला आढळला. तिथे निदान आयोग आहे, न्यायालय आहे आणि लाज वाटण्यासारखा एक कागद आहे. आपल्याकडे कागदही नसतो. ‘तरुण आणि उत्साही संघात सामील व्हा,’ असे जाहिरातीत लिहिले, की भागते.

पुरुषांनाही हे सोसावे लागते, हे मी नाकारत नाही. पण बाईच्या वाट्याला हे वय दुहेरी येते. तिशीला बाळंतपणासाठी तिची दोन वर्षे जातात. पंचेचाळिशीला सासऱ्यांचा पक्षाघात किंवा आईचे विसरणे तिच्याच वाट्याला येते. पहिल्या खंडासाठी निदान कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. दुसऱ्या खंडासाठी काहीही नाही. त्यात नेमकी याच वेळी पाळी जाण्याची वर्षे येतात, झोप उडते, घाम फुटतो आणि बैठकीत एखादा शब्द आठवला नाही, तर समोरचा तरुण अधिकारी मनातल्या मनात तिच्या नावापुढे फुली मारतो. पुरुषाचे केस पांढरे झाले, तर तो अनुभवी दिसतो. बाईचे झाले, की ती दमलेली दिसते!

हे सारे मी फार जवळून पाहिले, कारण बँकांत हा खेळ आमच्या पिढीवर आधीच खेळून झाला होता. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि दशकाच्या अखेरीस आमच्यासारख्या तालुक्याच्या शाखेतही खतावणीचे यंत्र येऊन बसले. संघटनांचा सारा वाद नोकऱ्या किती जातील याविषयी होता. कोणत्या वयाच्या माणसाला यंत्रापुढे बसवायचे, हा प्रश्न कोणी चर्चेलाच घेतला नाही. तो ज्याने त्याने आपल्या समजुतीने सोडवला. आमच्या शाखेतून प्रशिक्षणाला दोन तरुण मुलगे गेले. बचत खात्यांची लेजरे पंचवीस वर्षे सांभाळणाऱ्या एक काकू होत्या. त्यांचे नाव कोणाच्या ओठावरही आले नाही. त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

यंत्र आल्यावर पहिल्याच महिनाअखेरीस बचत खात्यांची बेरीज मुख्य खतावणीशी जुळेना. फरक ६३० रुपयांचा. यंत्र चुकत नाही, असे मुलांनी ठामपणे सांगितले आणि ते खरेच होते. काकूंनी आकडा पाहिला, मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, ‘फरकाला नऊने भाग जातोय. कुणीतरी आकडे उलटे मारलेत.’ बँकेतल्या जुन्या माणसांना हा आडाखा माहीत असतो. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले, की येणाऱ्या फरकाला नऊने नि:शेष भाग जातो. तासाभरात चिठ्ठी सापडली. ३,८१० च्या जागी ३,१८० टंकले गेले होते. त्यानंतर काकूंना यंत्रापुढे बसवण्यात आले. कळफलक शिकायला त्यांना तीन आठवडे लागले, मुलांना एक आठवडा लागला होता. पण मुलांना काकूंचे ज्ञान यायला किती वर्षे लागली असती, हे मात्र कोणी मोजले नाही. वयाचा वाद निघाला, की शिकायला लागणारा वेळ तेवढा मोजला जातो. आधीच शिकून झालेल्याला कोणी वजन देत नाही.

पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. चाळीस वर्षे वय किंवा पंधरा वर्षे नोकरी, एवढी पात्रता. सुमारे एक लाख माणसे बँकांतून बाहेर पडली. माझ्या परिचयातल्या कितीतरी बायका तेव्हा गेल्या. अर्जावर सही त्यांची होती, निर्णय घराचा होता. मुलाची दहावी, नवऱ्याची बदली, सासूचे गुडघे. जे त्यांच्याबरोबर गेले, त्याची उणीव शाखांना नंतर जाणवली. पण तोवर त्या ‘घरात असतात’ या वर्गात जमा झाल्या होत्या.

म्हातारपणाला दोष देऊन यंत्राचा दोष झाकण्याचा प्रकार तर आपल्या डोळ्यांदेखत घडला. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी मोबाइल देण्यात आले आणि २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ नावाचे नवे अॅप आले. या सेविकांत वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या पुष्कळ बायका आहेत. ‘यांना मोबाइल जमत नाही,’ अशी कुजबुज सुरू झाली. प्रत्यक्षात फोन कमी ताकदीचे होते, तापत होते, अडकत होते आणि अॅपची भाषा इंग्रजी होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्हाला चालणारा फोन द्या आणि मराठीत बोलणारे अॅप द्या. तंत्रज्ञान नको, असे त्या म्हणत नव्हत्या. पुढे २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हा गावोगावच्या बायकांचे अर्ज मोबाइलवरून भरून देण्याच्या कामात याच सेविका होत्या. कालपर्यंत ज्यांना जमत नव्हते, त्यांना एका महिन्यात कसे जमू लागले?

हिशेब आणि बाई यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यात, सातवाहनांचा एक मोठा शिलालेख आहे. तो नागनिका राणीचा, राजमाता झालेल्या विधवेचा, असे अभ्यासक मानतात. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची जंत्री त्यात आकड्यांनिशी कोरली आहे आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्या आकड्यांची गणना होते. हाच घाट उतरून गेले, की मुरबाड तालुका लागतो. तिथल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तिथे अक्षरे गिरवू लागल्या. त्या शाळेचे जगभर कौतुक झाले ते योग्यच. पण कौतुकात एक धोका असतो. म्हातारी बाई शिकते हे गोड वाटते; म्हातारी बाई शिकून पगार मागते, तेव्हा तो गोडवा ओसरतो.

म्हणून मला म्हसवडच्या बायकांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी अर्ज केला, तो १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाकारला. कारण, प्रवर्तकांत निरक्षर बायका होत्या. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय ते काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. परीक्षा कशाची घ्यायची, हे त्या बायकांनी परीक्षकाला सुचवले. नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईने हेच करायचे आहे.

परदेशातही पाहा. जपानमधल्या मासाको वाकामिया या माझ्यासारख्याच बँकेत नोकरी केलेल्या. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी संगणक घेतला. म्हाताऱ्या माणसांना खेळता येईल असा मोबाइलवरचा खेळ कोणी करीत नाही, असे दिसल्यावर त्यांनी २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, एका तरुण जाणकाराची मदत घेऊन, बाहुल्यांच्या सणावर आधारलेला ‘हिनादान’ हा खेळ स्वतः लिहिला. त्याच वर्षी ॲपल कंपनीने त्यांना आपल्या मेळाव्याला बोलावले. अमेरिकेच्या नौदलातल्या ग्रेस हॉपर १९६६ च्या अखेरीस साठीला निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलवावे लागले आणि त्या अखेर निवृत्त झाल्या तेव्हा १९८६ साल उजाडले होते व त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यांच्या कामातून पुढे आलेल्या ‘कोबोल’ या संगणकभाषेवर आजही बँकांची नि सरकारांची जुनी कामे चालतात. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाने बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारी माणसे हवी आहेत, असे जाहीर आवाहन करावे लागले. ती भाषा जाणणारी माणसे अर्थातच बव्हंशी वयस्क होती. ज्यांना जुने म्हणून बाजूला सारले, त्यांच्याच दाराशी संकटाच्या वेळी जावे लागले.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. नवा मुलगा स्वस्त पडतो, रात्री थांबतो, नवे साधन लवकर उचलतो. यांतले काही खरे आहे. वयाबरोबर नवी गोष्ट पाठ व्हायला वेळ लागतो, हे मी माझ्यावरून सांगते. पन्नाशीच्या काही माणसांना पूर्वी केले तेच करीत राहायचे असते आणि शिकवायला बसलेल्या तरुणावर ती वडीलकी गाजवतात, हेही मी पाहिले आहे. पण हे गुण-दोष माणसागणिक वेगळे असतात. ते जन्मतारखेवरून ठरवणे म्हणजे कांद्याची गोणी न उघडता भाव करण्यासारखे आहे. मंचरच्या बाजारात असा भाव कोणी करीत नाही.

आता जिच्यासाठी हे लिहिले, तिला चार शब्द. जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, तेव्हा आधी पैशाचेच सांगते. पंचेचाळिशीच्या आत, नोकरी धडधाकट असताना, वर्षभराच्या घरखर्चाएवढी रक्कम स्वतःच्या नावावर वेगळी ठेवा. कंपनीच्या आरोग्य विम्यावर विसंबून राहू नका. नोकरीबरोबर तो जातो आणि आजार जडल्यावर नवा विमा महाग पडतो. राजीनामा मागितला, तर त्याच खोलीत सही करू नका. मुदत मागा, जे सांगायचे ते लेखी द्या म्हणा, घरी या, जाणकाराला दाखवा. स्वतः राजीनामा देणे आणि कामावरून कमी केले जाणे, या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे.

दुसरे, प्रमाणपत्रांचा ढीग करू नका. दरवर्षी एकच नवे साधन घ्या आणि ते आपल्या रोजच्या कामाला जोडून पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेला घाबरून दूर बसण्यापेक्षा तिने लिहून दिलेल्यातली चूक पकडायला शिका. ती चूक ज्याला विषय कळतो त्यालाच दिसते. आणि विषय, महिलांनो, तुमच्याकडे आहे. बँक, दवाखाना, दूधसंकलन, बाजार समिती, शाळा, यांपैकी एकाचा तरी व्यवहार तुम्हाला आतून ठाऊक असतो. संगणक जाणणारे पुष्कळ आहेत. संगणकही जाणतो आणि पीककर्जही जाणतो, असे थोडे आहेत. अर्जात गेल्या दहा वर्षांचे काम आधी लिहा. मधला खंड एका ओळीत सांगा, माफी मागू नका. आणि जुने सहकारी, विशेषतः हाताखालची मुले, यांच्याशी ओळख ठेवा. पन्नाशीनंतरची नोकरी जाहिरातीतून क्वचित येते, ती बहुधा कोणाच्या तरी आठवणीतून येते.

पण सारे ओझे बाईच्याच डोक्यावर ठेवणे मला मान्य नाही. कंपन्यांनी किती वयाची माणसे भरली आणि किती वयाची कमी केली, हे दरवर्षी आपल्या अहवालात छापावे. एवढ्या एका सक्तीने पुष्कळ फरक पडेल. संसारासाठी खंड घेतलेल्या बायकांना परत घेण्याचा उपक्रम टाटा समूहाने २००८ मध्ये सुरू केला आणि नंतर इतरांनीही केला. चांगले आहे, पण ते कंपनीच्या मर्जीवर आहे. केंद्र सरकारने साठीपुढच्यांना पुन्हा काम मिळावे म्हणून १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘सेक्रेड’ हे संकेतस्थळ उघडले. पण पंचेचाळीस ते साठ या पंधरा वर्षांतल्या माणसाने कुठे जावे? तो ज्येष्ठ नागरिकही नाही आणि उमेदवारही नाही. अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यात पतसंस्था आहेत, दूध डेअऱ्या आहेत. शनिवार-रविवारी तिथल्या वर्गखोल्या अशा बायकांना खुल्या केल्या, शिकवायला त्यांच्यातल्याच काहींना बोलावले आणि स्थानिक संस्थांची कामे त्यांच्या हाती दिली, तर त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही.

आणि घर? घराने फक्त एक करावे. बाई संध्याकाळी संगणकापुढे बसली, की तिला उठवू नये. कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कोणीही मोजू शकतो.

माझ्या भाचीचे म्हणाल, तर ती सात महिने घरी होती. त्या काळात तिने पाठवलेल्या अर्जांना बहुतेक उत्तरच आले नाही. शेवटी तिच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने तिला बोलावले. पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांच्या प्रणाली करणारी लहानशी संस्था आहे. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे आणि ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही, कारण मुलीच्या शिक्षणाचे कर्ज पूर्वीएवढेच आहे. पण कामात जीव आहे. मागच्या महिन्यात ती नारायणगावला एका पतसंस्थेत गेली होती. तिथल्या वसुली विभागात अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई होत्या, पुढे निवृत्त होणार म्हणून त्यांना नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणातून वगळले होते. भाचीने व्यवस्थापकांना सांगितले, ‘आधी यांना शिकवू. तुमची थकबाकी यांना तोंडपाठ आहे.’ व्यवस्थापक जरा घुटमळले आणि मग त्यांनी पुढच्या रांगेत एक खुर्ची सरकवली.